काचवाला बोलू लागला

काचेच्या दुकानात फारसं बोलावं लागत नाही, म्हणूनच त्याने ते काम धरलं होतं. माप मालक घ्यायचे, गिऱ्हाइकाशी घासाघीस मालकच करायचे, आणि याने मागच्या टेबलावर काच आडवी टाकून, पट्टी लावून, हिऱ्याच्या पेनाने रेघ ओढायची. मग दोन्ही हातांनी काच धरून किंचित खाली दाबायची. टक् असा आवाज होऊन तुकडा सुटला की तो बाजूला ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा. खिडक्यांच्या काचा, न्हाणीघरातले आरसे, टेबलांवरच्या जाड काचा. दिवसभर हात चालू आणि तोंड बंद. मालकांना वाटायचं, इतका गुणी कारागीर दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

तो मुळात गप्प स्वभावाचा नव्हता. लहानपणापासून अडखळत बोलायचा, एवढंच. शाळेत पोरांनी त्याचं नाव ‘खरखर’ ठेवलं होतं, स्टेशन न लागलेल्या रेडिओवरून. सगळीच अक्षरं त्याला छळायची असं नाही, पण ‘क’ आणि ‘प’ हे दोघं जन्माचे वैरी. काचेच्या दुकानात काम करूनही त्याला ‘काच’ म्हणता येत नसे, तो ‘माल’ म्हणायचा. पाणी हवं असलं तर ‘तहान लागलीय’ म्हणायचा. ‘पातळ’ म्हणायची वेळ आली तर ‘जाड नको, ती दुसरी’. अशा आडवाटा त्याने इतक्या शोधून ठेवल्या होत्या की त्याला नव्याने भेटलेल्या माणसाला वाटे, हा जरा विचित्र बोलतो, पण अडखळत मात्र नाही. जिथे आडवाट सापडत नसे तिथे तो मान हलवून मोकळा व्हायचा.

त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. त्या दुकानाच्या शोकेसची काच बसवायला तो गेला, तेव्हा त्यांची ओळख झाली. दिवसभर घाईतल्या आणि कुरकुरणाऱ्या माणसांशी डोकं लावून ती कंटाळलेली असायची. हा मुलगा ऐकून घेतो, मध्ये तोंड घालत नाही, हेच तिला पहिल्यांदा आवडलं. तो अडखळतो हे तिला चौथ्या वाक्यातच कळलं होतं, पण तिने त्याचं कधी काही वाटून घेतलं नाही. तिच्यापाशी तो बाहेरच्यापेक्षा बराच बोलायचा. लग्नानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार बरा चालला होता.

मग मुलगी झाली. नाव बायकोने आणि सासूबाईंनी मिळून ठरवलं. नाव सुरेख होतं, फक्त ते ‘प’ने सुरू होत होतं. त्याला विचारलं तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे मान हलवली. चांगल्या नावाला नाही कशाला म्हणायचं, आणि म्हणायचं तर कारण सांगावं लागणार.

जन्माची नोंद करायला तो एकटाच गेला. खिडकीपलीकडच्या बाईंनी मान खाली ठेवूनच मुलीचं नाव विचारलं. त्याने ओठ मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. छातीत हवा भरलेली, गळ्याच्या शिरा ताठ, आणि आवाज काही फुटेना. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. बाईंनी वर बघितलं आणि विचारलं, “नाव ठरलं नाही का अजून?” मागे कुणीतरी हसलं. शेवटी त्याने खिशातून कागद काढला, त्यावर नाव लिहून खिडकीतून आत सरकवलं, आणि घरी येईपर्यंत मान वर केली नाही.

त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं की पोरीसमोर बोलायचं नाही.

त्यालाही कारण होतं. त्याचा एक काका असाच अडखळायचा. हा लहानपणी त्या काकाच्या मांडीवरून उतरत नसे. घरात सगळे सरसकट म्हणायचे की काकाचं ऐकून ऐकून याला लागलं. आत्या तर पाहुण्यांसमोरही म्हणायची, वेळेवर लांब ठेवलं असतं तर पोर नीट बोललं असतं. हे त्याच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की ते खरं की खोटं असा प्रश्नही त्याला कधी पडला नाही. सर्दी झालेला माणूस बाळापासून दूर राहतो, तसं आपण आपला आवाज दूर ठेवायचा, एवढा साधा हिशोब.

बाकी कामात त्याने कसूर केली नाही. लंगोट बदलायचा, दुपटी धुऊन दोरीवर घालायचा, पोरीला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा. दिवसभर काच हाताळणारे ते हात बाळालाही तितक्याच जपून धरायचे. पण बाळ त्याच्या तोंडाकडे बघून ‘आ’ ‘ऊ’ करू लागलं की तो नजर वळवायचा. बायकोला आधी वाटलं, दमला असेल. नंतर तिच्या मनात भलतंच येऊ लागलं. याला मुलगा हवा होता की काय? एकदा तिने सरळ विचारलंच. तो दुखावल्यासारखा बघत राहिला आणि म्हणाला, “तसं नाही.” पुढे कसं, ते सांगितलं नाही. ती पाठ करून भांडी लावू लागली, आणि त्या दिवसापासून दोघांच्या मध्ये काहीतरी येऊन बसलं.

बायकोची रजा संपली, तेव्हा लसीकरणाला बाळाला घेऊन जायचं काम त्याच्याकडे आलं. आरोग्य केंद्रात लस देणाऱ्या सिस्टर वयाने पोक्त होत्या. जिभेने तिखट, पण हाताने हलक्या. सुई टोचल्यावर बाळ रडलं. बाकीचे आईबाप अशा वेळी ‘झालं, झालं’ करत असतात. हा पठ्ठ्या बाळाला छातीशी धरून पाठीवर थोपटत होता, पण तोंडातून अवाक्षर नाही. सिस्टरनी ते पाहिलं. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की रविवारी सकाळी वरच्या खोलीत नव्या बाबांचा गट जमतो, तुम्ही या. त्याने मान हलवली. ती मान नाही म्हणणारी आहे हे सिस्टरना कळलं असावं, कारण त्यांनी संध्याकाळी औषधांच्या दुकानात जाऊन त्याच्या बायकोलाही सांगितलं.

बायकोने रविवारी बाळाची पिशवी भरून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “तू जा. मला सांगत नाहीस, ते तिथे तरी कुणाला सांग.”

वरची खोली म्हणजे बाळांचं वजन करायची खोली. एका कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीला लागून लसींचा फ्रिज, खाली रबरी चटई आणि त्यावर कान तुटलेला एक लाकडी हत्ती. सिस्टर कुलूप उघडून देत आणि निघून जात. आपण असलो की हे सगळे शहाण्यासारखं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. गटाची जबाबदारी एका बेकरीवाल्यावर होती. त्याला तीन मुलं, त्यामुळे इतरांच्या मानाने तो मुरलेला. पहाटेपासून भट्टीपाशी राबून तो सरळ इथे यायचा, अंगाला पावाचा वास घेऊन. एक इलेक्ट्रिशियन होता, ज्याच्या तोंडाला बटणच नव्हतं. एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. त्याला जुळी झाली होती आणि तो बसल्या जागी डुलक्या काढायचा. आणखी दोघेतिघे येऊन-जाऊन असत.

व्याख्यान वगैरे काही नसे. आठवड्यात काय झालं, ते ज्याने त्याने सांगायचं. नाही सांगितलं तरी चालायचं. काचवाला आपला चटईच्या कडेला बसून लेकीला हत्ती दाखवायचा आणि ऐकायचा. त्याला वाटलं होतं, इथे बाळाला गुंडाळायचं कसं आणि आंघोळ घालायची कशी हे सांगत असतील. निघालं भलतंच. बेकरीवाल्याने सांगितलं की धाकटं रडायचं थांबेना, तेव्हा आपला हात उठेल अशी त्याला भीती वाटली. त्याने बाळाला गादीच्या मधोमध ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसला. इतका मोठा माणूस हे सांगताना नखं कुरतडत होता. त्याला कुणीही बोल लावला नाही. ड्रायव्हर तेवढ्यापुरता जागा झाला आणि म्हणाला, बाहेर गेलास तेच बरं केलंस. इलेक्ट्रिशियनने सांगितलं की त्याच्या लहानपणी वडील घरात शिरले की सगळे गप्प होत. आता तो घरात शिरला की त्याचा स्वतःचा मुलगा तसाच गप्प होतो, आणि हे कुठून आलं ते त्याला समजत नाही, कारण तो तर दिवसभर बडबडत असतो. यावर सगळे थोडे हसले. तोही हसला, पण मग बराच वेळ फ्रिजकडे बघत राहिला.

असे कितीतरी रविवार गेले. काचवाला एकही चुकवत नव्हता आणि एकही शब्द बोलत नव्हता. इतर लोक त्याला आतून माहीत झाले होते, आणि आपण मात्र त्यांना काहीच दिलं नाही, याची त्याला लाज वाटू लागली होती. शेवटी एकदा बेकरीवाल्याने सहज विचारलं, “तुझं काय चाललंय? पोरगी काय म्हणते?”

आडवाट सापडायच्या आत तो बोलायला लागला आणि तिसऱ्याच शब्दाला अडला. इलेक्ट्रिशियनने तत्परतेने तो शब्द पुरवला. शब्द चुकीचा होता. काचवाल्याने मान हलवून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडला, आणि इलेक्ट्रिशियनने पुन्हा मदतीला धाव घेतली. तेव्हा बेकरीवाला म्हणाला, “थांब रे. त्याचं त्याला बोलू दे. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?”

मग तो बोलला. इथे चार ओळींत सांगतो आहे, पण तेव्हा ते तुकड्यातुकड्यांनी, घामाघूम होत आलं. काका, आत्या, खिडकीवरच्या बाई आणि तो कागद. आपल्यापासून पोरीला लागू नये म्हणून तिच्याशी बोलत नाही हे. तिला आजवर नावाने हाक मारलेली नाही हेही. तोवर चटईवरची दोन बाळं झोपून गेली होती.

मग ड्रायव्हरने हळूच विचारलं, “म्हणजे आजपर्यंत तिने तुझा आवाजच ऐकला नव्हता?”

या बाजूने त्याने कधी विचारच केला नव्हता. आपण पोरीला एका गोष्टीपासून वाचवतोय, एवढंच त्याला दिसत होतं. तिला एक गोष्ट मिळतच नाहीये, हे दिसलं नव्हतं. तो लेकीकडे बघत राहिला. ती हत्तीचा उरलेला कान चोखत होती.

इलेक्ट्रिशियनने लगेच तोडगा काढला की घरात म्हणायला दुसरं नाव ठेवा, ‘अ’ने सुरू होणारं, तोंडातून सुळकन निघेल असं. चार नावं सुचवूनही झाली. काचवाल्याने नको म्हटलं. तिचं नाव तेच आहे, आणि त्याला तेच म्हणायचं आहे. “मग इथेच म्हणून बघ,” बेकरीवाला म्हणाला. त्याने ओठ मिटले. खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, पण त्या नजरेत घाई नव्हती. इलेक्ट्रिशियनने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. बराच वेळ गेला, आणि मग ते नाव आलं. नीट आलं नाही, आपटत आपटत आलं, पण पुरतं आलं.

घरी पोचल्यावर त्याने लेकीला सतरंजीवर बसवलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. ती चमच्याने ताटली बडवत होती. त्याने हाक मारायला ओठ मिटले आणि नेहमीसारखा अडला. हवा साठत गेली आणि ‘प्-प्-प्-प्’ करत फुटली. पोरीने चमचा टाकला. तिने त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, आणि तिला एकदम हसू फुटलं. मग तिनेही ओठ मिटून तसाच आवाज काढला, थुंकीचे फुगे उडवत. त्याने पुन्हा केला, तिने पुन्हा केला. आयुष्यभर ज्याची लाज वाटली तो आवाज पोरीला भलताच आवडला होता. आत स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला आणि ती तशीच ओल्या हातांनी ऐकत उभी राहिली.

त्या दुपारी त्याने बायकोलाही सगळं सांगितलं. तिला आधी रडू आलं आणि मग राग आला, कारण इतके महिने तिने भलतंसलतं मनात आणून स्वतःला पोखरून घेतलं होतं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं ना, असं ती म्हणाली. तो म्हणाला की एक वाक्यच तर त्याला जड जातं. मग ती हसली.

पुढची दोन-अडीच वर्षं बरी गेली. दुकानातून आल्यावर तो लेकीला दिवसभराचं सगळं सांगायचा. आज एका बाईंनी आणलेल्या आरशाला तडा कसा गेला, उद्या कुठल्या खिडकीवर चढायचंय, सगळं. अडखळायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा. ती त्याच्या पोटावर पालथी पडून ऐकायची. पुढे ती स्वतः बोलायला लागली, आणि लागली ती अशी की विचारायची सोय नाही. गटात आता काही नवे बाप आले होते. काचवाला तिथे फार बोलायचा नाही, पण कुणी शब्दाशी अडून बसला तर बाकीच्यांना थांबवायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं होतं.

मुलगी तीन वर्षांची झाली, आणि एके दिवशी सकाळी दूध मागताना म्हणाली, “म-म-म-मला.”

दूध ओतता ओतता तो थांबला. त्याला वाटलं, असेल एखाद्या वेळी. पण दुसऱ्या दिवशी तेच, आणि आठवड्याने तर प्रत्येक वाक्याच्या दाराशी ती अडू लागली. तेव्हा सासूबाई राहायला आल्या होत्या. त्या मनाने वाईट नव्हत्या, नातीवर त्यांचा जीव होता. जेवताना त्या आपल्या सहज म्हणून गेल्या, “बापाचं ऐकून ऐकून उचललंय बघ पोरीने.”

बायकोने आईला तिथल्या तिथे दटावलं. पण जे व्हायचं ते झालं होतं. त्याने घास खाली ठेवला, हात धुतले, आणि त्या दिवसापासून घरात पुन्हा पहिल्यासारखी शांतता पसरली. लेक संध्याकाळी पोटावर येऊन पडायची आणि वाट बघायची. तो तिच्या केसांतून हात फिरवायचा. ती विचारायची, “बाबा, आज क-क-काय तुटलं?” तो मान हलवून काही नाही म्हणायचा. थोडा वेळ थांबून ती उठून जायची. रविवारीही तो जाईनासा झाला. बायकोने समजावलं, चिडली, एकदा अबोलाही धरला. पण अबोला धरून त्याला काय फरक पडणार, हे तिच्या लक्षात आल्यावर तिने तोही सोडला. मग तिने बेकरीत जाऊन सगळं सांगितलं.

बेकरीवाला काचेच्या दुकानात आला तो बिस्किटांच्या बरणीमागची काचेची फळी फुटल्याचं निमित्त करून. माप त्याने अंदाजपंचेच सांगितलं. मालक पुढे गिऱ्हाइकांत होते. काचवाल्याने काच टेबलावर टाकली आणि पट्टी लावली. बेकरीवाला समोर उभा राहिला आणि जरा वेळाने म्हणाला, की पोरीचं कळलं. काचवाल्याने रेघ ओढली. त्याने मान वर केली नाही.

“माझ्या थोरल्याला दमा आहे,” बेकरीवाला म्हणाला. “माझ्यासारखाच. माझ्याकडूनच आला असेल. मग मी आता काय करू, त्याच्यासमोर श्वास घ्यायचं बंद करू?”

काचवाल्याने पेन खाली ठेवलं.

“उलट त्याला धाप लागली की तो माझ्याचकडे पळत येतो,” बेकरीवाला पुढे म्हणाला. “घरात बाकी कुणाला कळत नाही ना ते.” एवढं बोलून त्याने काच न घेताच काढता पाय घेतला. रविवारी सिस्टरनी एका बाईंना बोलावलंय, पोरीला घेऊन ये, एवढं जाताना दारातून सांगितलं.

त्या बाई स्पीच थेरपिस्ट होत्या, तरुण, आखूड केसांच्या. त्या खुर्चीवर न बसता सरळ चटईवर बसल्या आणि लेकीबरोबर ठोकळ्यांचा बंगला बांधू लागल्या. लेक अडखळत अडखळत बंगल्यात कोण राहतं ते सांगत होती, आणि बाई हातातला ठोकळा हातातच ठेवून ऐकत होत्या. बराच वेळ हे चाललं. मग लेक ड्रायव्हरच्या जुळ्यांशी खेळायला गेली. गटातले सगळे तिथेच होते, बायकोही आली होती. सगळ्यांसमोर काचवाल्याने विचारलं, हे माझ्या बोलण्याने झालं का?

बाईंनी स्पष्ट सांगितलं की ऐकून हे लागत नाही. सर्दीसारखं पसरत नाही. घराण्यात असलं तर मुलांत येण्याची शक्यता थोडी जास्त असते, ते रक्तातून येतं, मांडीवर बसल्याने नाही. या वयात पुष्कळ मुलं काही काळ अडखळतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं आपोआप जातं, काहींचं राहतं. हिचं काय होईल ते आज सांगता येणार नाही, पण मी हिला अधूनमधून बघत राहीन. घरात तिला ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ असं सांगू नका. तिच्याकडे बघा आणि तिचं वाक्य तिला पुरं करू द्या.

“आणि मी?” त्याने विचारलं.

“तुम्ही बोला,” बाई म्हणाल्या. “तिचं गेलं तर काही प्रश्नच नाही. राहिलंच, तर तिच्या घरात असं बोलणारा आणि तरी बोलत राहणारा एक माणूस असेल. सगळ्या मुलांना तो मिळत नाही.”

इलेक्ट्रिशियन यावर काहीच बोलला नाही असं पहिल्यांदाच झालं. त्याने नुसता काचवाल्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर तो सासूबाईंच्या समोर खुर्ची ओढून बसला. त्या शेंगा सोलत होत्या. आजवर त्यांच्याशी त्याचं बोलणं हो, नाही आणि बसा यापलीकडे गेलं नव्हतं. आता त्याने बाईंनी सांगितलेलं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. ‘काका’वर अडला, ‘पोर’वर अडला, ‘कारण’वर तर इतका वेळ अडला की बायको दारातून पुढे व्हायला निघाली होती, पण तिने स्वतःला आवरलं. त्याने एकही आडवाट घेतली नाही. सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणाला, “तुम्ही चुकून बोललात, ते मला माहीत आहे. पण तिच्यासमोर पुन्हा तसं बोलू नका. आणि मी बोलत असलो की माझ्याकडे बघत जा. तुम्ही नेहमी खाली बघता.”

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “बघितलं तर तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, म्हणून खाली बघायचे हो मी.”

हे त्याला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो समजत होता की सासूबाईंना आपलं बोलणं बघवत नाही. दोघंही जरा ओशाळले. मग सासूबाईंनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्या बाईंनी आणखी काय काय सांगितलं ते विचारलं. त्याने ते पुन्हा सांगितलं. या खेपेला आणखी वेळ लागला, आणि त्या शेंगा बाजूला सारून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

लेक आता पहिलीत आहे. तिचं अडखळणं बरंच कमी झालंय, पण गेलेलं नाही. खूप आनंद झाला किंवा खूप राग आला की ती अडतेच. तिला त्याचं विशेष काही वाटत नाही. शाळेत एका मुलाने तिची नक्कल केली, तेव्हा तिने त्याला सांगितलं की तुला नीट जमत नाहीये, आणि कसं करायचं ते करून दाखवलं. हे वर्गशिक्षिकेकडून कळलं तेव्हा काचवाल्याला हसावं की रडावं कळेना. त्या रात्री त्याला झोप लागायला वेळ लागला, एवढं खरं. पुढे सगळं सोपंच जाईल असं तो धरून चालत नाही. थेरपिस्ट बाईंकडे ती जाते, आणि अलीकडे तिच्याबरोबर तोही जातो, स्वतःसाठी.

दुकानात मालकांचे गुडघे धरल्यापासून माप घ्यायला घरोघर तोच जातो. ‘काच’ म्हणतो. कधी लगेच निघते, कधी गिऱ्हाइकाला जरा थांबावं लागतं.

गेल्या महिन्यात त्याने आरोग्य केंद्राच्या खालच्या मजल्यावर ठेवायला एक मोठी काचेची पेटी बनवली, माशांसाठी. लसीच्या रांगेतल्या पोरांचा वेळ जावा, ही सिस्टरची कल्पना. सांध्यांना चिकटद्रव लावून तो वाळेपर्यंत त्याने पेटीला दोन दिवस हात लावू दिला नाही. मग पाणी भरलं, कुठून गळत नाही ना ते बोटाने कडा चाचपून बघितलं, आणि सिस्टरनी पिशवीतले मासे आत सोडले. शाळा सुटल्यावर लेक आली ती पेटीला नाक लावूनच उभी राहिली. मासे झोपतात का, झोपले तर बुडतात का, त्यांना आपण दिसतो का, असे प्रश्न तिने लावून धरले. काही उत्तरं त्याला येत होती, काही तो सरळ रचून सांगत होता. तिच्या ते लक्षात आलं आणि ती त्याच्याशी भांडू लागली. रांगेत कडेवर बाळ घेतलेला एक तरुण बाप होता. हे दोघं तावातावाने अडखळत भांडतायत, मध्येच थांबतायत, पुन्हा सुरू होतायत, हे बघून तो बाळाचं तोंड पेटीकडे वळवत जवळ सरकला. लेकीने भांडण तिथेच टाकलं आणि त्या बाळाला कुठला मासा कुणाचा ब-ब-बाबा आहे ते सांगायला लागली.